रीडमीत कोणकोणते कंपायलर लिहायचे? (जुन्या फाँटचा कन्व्हर्टर, सी++)

घाटावरचा_कोडर

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

माझा एक छोटा ओपन सोर्स प्रोजेक्ट आहे, युनिकोडच्या आधीच्या मराठी फाँटात टाइप केलेला मजकूर युनिकोडमध्ये आणायचा. २०१६ ला सुरू केला, कारण आमच्या गावच्या साप्ताहिकाचे पंधरा वर्षांचे अंक पेजमेकरच्या फायलींत पडून होते आणि त्यात एखाद्या माणसाचं नाव शोधायचं म्हटलं तरी शोधता येत नव्हतं, फाँट काढला की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चित्रविचित्र चिन्हं. ज्यांनी हे काम केलंय त्यांना माहितीये, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते ती उचलून मागे न्यायची, रफार नंतर असतो तो पुढे आणायचा, प्रत्येक फाँटचा नकाशा वेगळा. हे सगळं जमलंय, चालतंय, त्याबद्दल प्रश्न नाही.

प्रश्न कंपायलरचा आहे, म्हणजे कोडवरून प्रोग्रॅम बनवणाऱ्या साधनाचा. गाभा सी मध्ये आहे, नंतरचं सगळं सी++१७. मी घरी उबुंटूवर जीसीसी या कंपायलरने बिल्ड करतो आणि सीआयमध्ये (प्रत्येक बदलानंतर आपोआप बिल्ड आणि टेस्ट चालतात तिथे) पण तोच एक. गेल्या दोन महिन्यांत चार तक्रारी आल्या आणि चारही वेगवेगळ्या दिशेने ओढतात.

एक विद्यापीठाच्या लॅबमधून. त्यांना जुन्या मजकुराचा कॉर्पस (अभ्यासासाठी मोठा संग्रह) करायचाय पण त्यांच्या सर्व्हरवर सेंटओएस ७ हे जुनं लिनक्स आहे, जीसीसी ४.८.५. म्हणाले सी++११ वर आणा ना. मी दोन रविवार घालवून आणलं सुद्धा, सी++१७ चं फाइलसिस्टिम काढलं, फोल्डर फिरायचा कोड हाताने लिहिला, ४.८ वर एक वॉर्निंग न येता कंपाइल झालं आणि चालवल्याबरोबर एक्सेप्शन. नंतर कळलं की ४.८ मध्ये रेजेक्सचा (नमुना देऊन मजकूर शोधायचा) हेडर आहे पण आत काम करणारं काही नाही, खरा रेजेक्स ४.९ पासून आला. दोन रविवार गेले ते गेलेच.

दुसरी फेडोरा ४२ वाल्याची. तिथे जीसीसी १५, आणि तो सी फायली आता सी२३ धरून वाचतो, त्यात बूल हा कीवर्ड झालाय. माझ्या २०१६ च्या हेडरमध्ये टाइपडेफ इंट बूल लिहिलेलं. संपलं.

तिसरी कोल्हापूरकडच्या एका छापखान्याची. त्यांना डीएलएल (विंडोजवर दुसऱ्या प्रोग्रॅमला जोडायची तयार लायब्ररी) हवी, मशीन विंडोज ७. त्यांच्या ओळखीतल्या एकाने सांगितलं की विंडोज ७ म्हणजे व्हिज्युअल स्टुडिओ २०१० ला सपोर्ट पाहिजे.

चौथी तक्रार नाही, मदत आहे, मॅकवरून आलेला एक पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोडमध्ये घ्या म्हणून पाठवलेला बदल. त्याच्याकडे छान बिल्ड होतो, माझ्याकडे जीसीसी १३ वर यूइंट८_टी हा टाइप सापडत नाही म्हणून पडतो.

मला आठवड्याला दोन तास मिळतात, रविवारी सकाळी. रीडमीत "हे कंपायलर चालतील" असं लिहायचंय तर रेघ कुठे मारू? आणि ज्याला खरंच गरज आहे त्याला नाही कसं म्हणायचं, कारण हे चौघंही मराठी मजकूर वाचवायच्याच कामाला लागलेत.

---

पॅकेज_बांधणारी

तुमच्या चार तक्रारींपैकी एक कंपायलरची नाहीच आहे, ती आधी बाजूला काढा.

छापखान्यातला माणूस तुमचा कोड बिल्ड करणारे का? नाही ना. त्याला तयार डीएलएल हवीये जी त्याच्या विंडोज ७ वर चालेल. म्हणजे त्याचा प्रश्न "कुठे चालतं" हा आहे, "कशाने बांधतात" हा नाही, आणि या दोन गोष्टी लोक सतत एक करतात म्हणून प्रोजेक्ट दहा वर्षांपूर्वीच्या कंपायलरला बांधलेले राहतात. व्हिज्युअल स्टुडिओ २०२२ ने विंडोज ७ वर चालणारी डीएलएल बनते. रनटाइम स्टॅटिक लिंक करा, म्हणजे स्लॅश एमटी, नाहीतर त्या मशीनवर युनिव्हर्सल सीआरटीचा अपडेट नसला तर डीएलएल उघडणारच नाही आणि ते लोक तुम्हाला फोन करत बसतील. आणि मशीन ३२ बिट आहे का ते आधी विचारून घ्या, छापखान्यांमध्ये अजून असतात.

कंपायलरची यादी फक्त बिल्ड करणाऱ्यांसाठी असते. तुमच्याकडे ते कोण? तुम्ही स्वतः, लॅबवाले, फेडोरावाला, मॅकवाला, आणि उद्या कोणी डेबियनमध्ये पॅकेज करायला घेतलं तर ती किंवा तो. एवढेच. या पाच जणांच्या मशीनवर आज काय आहे ते लिहून काढा, यादी अर्धी तिथेच तयार होते.

माझा एकच नियम आहे आणि तो मी खूप ठेचा खाऊन शिकलेय. जो कंपायलर सीआयमध्ये चालत नाही तो रीडमीत लिहायचा नाही. "चालायला हवा", "बहुधा चालेल" हे शब्द वाचून कोणीतरी आपली दुपार त्यावर घालवतं. तुमचे दोन रविवार तसेच गेले, फरक इतकाच की तिथे ४.८ च्या हेडरने तुम्हाला "चालेल" सांगितलं होतं.

अजून एक, सीमेकच्या (बिल्ड कसा करायचा ते सांगणाऱ्या) फाइलीत वॉर्निंगला एरर करणारा फ्लॅग कायमचा घातलाय का? असेल तर काढा, तो फक्त सीआयमध्ये द्या. दर वर्षी नवा जीसीसी येतो, नवी वॉर्निंग आणतो, आणि तुमचा काही दोष नसताना दुसऱ्याच्या मशीनवर बिल्ड पडतो. पॅकेज करणाऱ्यांची पहिली पॅच बहुतेक वेळा हीच असते.

---

सर्व्हररूम

लॅबवाल्यांच्या बाजूने मी बोलते कारण माझं कामच ते आहे, संशोधन संस्थेत क्लस्टर सांभाळते.

४.८.५ ला सपोर्ट देऊ नका. मनापासून सांगतेय. सेंटओएस ७ चा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला, त्यावर सिक्युरिटी पॅच येत नाहीत, आणि तुम्ही तुमचा कोड मागे ओढून त्यांना तिथे राहायला मदत करताय. पण त्यांना नुसतं "नाही" पण म्हणू नका, कारण सर्व्हर बदलणं त्या लॅबमधल्या विद्यार्थ्याच्या हातात नसतं, त्याच्या गाइडच्या पण नसतं, ते निविदा आणि बजेटवर असतं. त्याला वाट दाखवा. एक तर तिथे मॉड्यूल सिस्टिम असेल तर जुन्या ओएसवर पण नवा जीसीसी लोड करता येतो, बहुतेक क्लस्टरवर दोनतीन आवृत्त्या ठेवलेल्या असतात, फक्त विद्यार्थ्यांना माहिती नसतं की टर्मिनल उघडल्यावर मिळतो तो सगळ्यात जुना. दुसरं म्हणजे तुम्हीच त्यांना तयार बायनरी द्या.

इथे एक खाच आहे ती लक्षात घ्या. तुमच्या घरच्या उबुंटू २२.०४ वर बांधलेली बायनरी त्यांच्याकडे चालणार नाही, जीलिबसी (लिनक्सची सी लायब्ररी) २.३५ विरुद्ध २.१७, "व्हर्जन नॉट फाउंड" म्हणून पडेल. जुन्या जीलिबसीवर बसून नव्या कंपायलरने बांधायचं असतं. पायथनवाले व्हील (तयार पॅकेज) बनवायला हेच करतात, मेनीलिनक्स नावाचे कंटेनर (वेगळ्या लिनक्सचे तयार डबे) आहेत, मेनीलिनक्स २०१४ हा सेंटओएस ७ वर उभा आहे आणि त्यात कंपायलर मात्र ओएसच्या ४.८ पेक्षा पुष्कळ नवा. म्हणजे सी++१७ पण राहिलं आणि लॅबचं काम पण झालं, तुमच्या सोर्समध्ये एक ओळ न बदलता.

खालची रेघ कुठे? माझं मत जीसीसी ८. कारण रेड हॅट ८ आणि अल्मा, रॉकी या कुटुंबाचा घरचा कंपायलर ८.५ आहे आणि रेड हॅट ८ चा सपोर्ट २०२९ पर्यंत आहे, सेंटओएस ७ वरून हललेली पुष्कळ मंडळी तिथेच येऊन बसलीत. लिनक्स कर्नलने सुद्धा ६.१६ पासून किमान जीसीसी ८ केला, त्याआधी ५.१ होता. कर्नलसारख्या प्रोजेक्टने, जो कुठल्या कुठल्या हार्डवेअरवर बांधला जातो, ८ च्या खाली बघायचं बंद केलंय तर तुम्ही ओझं घ्यायचं काही कारण नाही.

८ वर एक गोष्ट ध्यानात ठेवा, फाइलसिस्टिम वापरत असाल तर कंपाइल होईल पण लिंक होणार नाही, ती वेगळी लायब्ररी लिंक करावी लागते, लिबएसटीडीसी++एफएस. ९ पासून ती आत आली. सीमेकमध्ये चार ओळींचं काम आहे.

---

जुनं_सी

मित्रा, माझं मत इथल्या सगळ्यांपेक्षा वेगळं पडेल.

मी १९९४ पासून सी लिहितोय. कॉलेजात टर्बो सी, निळी स्क्रीन, कोनिओ डॉट एच, व्हॉइड मेन, सगळं त्या एका कंपायलरच्या मापाने शिकलो आणि पहिल्या नोकरीत युनिक्सवर गेलो तेव्हा आपल्याला सी येतच नाही असं लक्षात आलं. इंट १६ बिटचा असतो असं धरून लिहिलेला माझा हिशोबाचा प्रोग्रॅम... असो. सांगायचं हे की एका कंपायलरवर वाढलेला कोड त्या कंपायलरच्या सवयी घेऊन वाढतो आणि त्या आपल्याला दिसत नाहीत.

म्हणून माझं म्हणणं, अक्षरं बदलायचा गाभा साधाच ठेव, सी९९. बाइट घ्यायचे, टेबल बघायचं, बाइट द्यायचे, यात सी++१७ ला काय काम? कर्ल (नेटवरून फायली आणणारा प्रोग्रॅम) अजूनही सी८९ मध्ये लिहितात, त्यामुळे तो टीव्हीत, गाडीत, राउटरमध्ये, कुठेही बसतो. एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस पण साधा सी. तू गाभा असा ठेवलास तर कंपायलरचा प्रश्नच उरत नाही, कुठलाही चालेल, आणि फोल्डर फिरणारं, फाइल उघडणारं जे काही आहे ते वेगळं सी++ मध्ये राहू दे, त्याला हवी ती अट घाल.

---

सर्व्हररूम

काका, कर्लचं उदाहरण इथे मला पटत नाही. कर्ल सी८९ मध्ये आहे हे बरोबर, पण त्यांच्या प्रत्येक बदलावर कितीतरी मशीन आणि कंपायलरच्या टेस्ट चालतात, सी८९ लिहिलं म्हणून आपोआप सगळीकडे चालत नाही. यांच्याकडे रविवारचे दोन तास आहेत. आणि "कुठलाही चालेल" हे तर पॅकेज ताईंनी वर लिहिलंय तेच, न तपासलेलं आश्वासन.

गाभा आणि बाहेरचं वेगळं करा हे मात्र शंभर टक्के पटलं.

---

जुनं_सी

तपासायला हवं हे मान्य. साधं लिहिलं की तपासणी कमी लागते एवढंच माझं म्हणणं होतं, शून्य लागते असं नाही.

---

खिडकीवाला

मी गेली बारा वर्षं विंडोजवर सी++ करतोय, मराठी-हिंदी मजकुराचंच काम, त्यामुळे हा धागा बघून राहवलं नाही.

एमएसव्हीसी, म्हणजे व्हिज्युअल स्टुडिओचा कंपायलर, यादीत घ्या. छापखान्यासाठी नाही, तुमच्या स्वतःसाठी. जीसीसी आणि क्लँग हे दोन कंपायलर एकमेकांचं बघून वाढलेत, बऱ्याच बाबतीत सारखं वागतात. एमएसव्हीसी वेगळ्या घरचा आहे, तुम्ही जे गृहीत धरलंय ते त्याला माहितीच नसतं, म्हणून तो तुमच्या चुका बाहेर काढतो. तुमच्या प्रोजेक्टमध्ये कुठे काढेल ते मी आत्ताच न बघता सांगू शकतो.

पहिलं, सोर्समध्ये देवनागरी. तुमच्या टेबलांत "क", "ख" असं थेट लिहिलेलं असणार. जीसीसी ते यूटीएफ-८ धरतो. एमएसव्हीसी फाइलीच्या सुरुवातीला बीओएम (एन्कोडिंग सांगणारी खूण) नसेल तर मशीनचं कोडपेज (अक्षरांची जुनी यादी) धरतो, आपल्याकडे बहुतेक १२५२. आणि कोणी नोटपॅडमध्ये उघडून बीओएमसकट सेव्ह केली तर अजून वाईट, तो फाइल यूटीएफ-८ म्हणून बरोबर वाचतो पण स्ट्रिंग बनवताना १२५२ मध्ये टाकतो आणि तुमची सगळी अक्षरं प्रश्नचिन्हं होतात. उपाय एकच, स्लॅश यूटीएफ-८ फ्लॅग, तो वाचायचं आणि बनवायचं दोन्ही यूटीएफ-८ करतो. सीमेकमध्ये एमएसव्हीसी असेल तर हा फ्लॅग, एवढी ओळ घाला आणि विसरून जा.

दुसरं, कुठे यू८ लावून लिटरल लिहिले असतील तर ते हेडरमध्ये ठेवू नका. तुम्ही सी++१७ वर आहात म्हणून चालतंय, पण तुमचा हेडर घेणारा माणूस स्वतःचा प्रोजेक्ट सी++२० वर बांधत असेल तर तिथे यू८ चा टाइप बदललाय, साध्या कॅर पॉइंटरमध्ये तो बसत नाही. तुमची लायब्ररी कुठल्या स्टँडर्डवर बांधता आणि तुमचा हेडर कुठल्या स्टँडर्डवर वाचला जातो, दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वरच्या काकांचा सल्ला मी इथे वापरेन: बाहेर दिसणारा हेडर शुद्ध सी, चार फंक्शन, आतलं काहीही असो. याने डीएलएलचा प्रश्न पण सुटतो, कारण मिनजीडब्ल्यूने (विंडोजवरचा जीसीसी) बनवलेली सी++ डीएलएल एमएसव्हीसीच्या प्रोग्रॅमला जोडता येत नाही, नावं आणि एबीआय (बायनरी पातळीचे नियम) जुळत नाहीत, पण सी चा दरवाजा असला की कोणीही येऊ शकतं, सी शार्प, पायथन, कोणीही. फक्त डीएलएलने दिलेली मेमरी डीएलएलनेच परत घ्यायची, त्यासाठी एक फंक्शन ठेवा, नाहीतर स्लॅश एमटीमध्ये मेमरी सांभाळणाऱ्या रनटाइमच्या दोन वेगळ्या प्रती असतात आणि प्रोग्रॅम कोसळू शकतो.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. कॅर, म्हणजे एका बाइटचा टाइप. तुमचे जुने फाँट १२८ ते २५५ मधले बाइट भरपूर वापरतात. इंटेलवर साधा कॅर साइन्ड असतो म्हणजे हे सगळे बाइट निगेटिव्ह. रास्पबेरी पायवर, म्हणजे एआरएम लिनक्सवर, तोच कॅर अनसाइन्ड. आणि ॲपलच्या एआरएमवर परत साइन्ड. एमएसव्हीसीच्या डीबग बिल्डमध्ये इजआल्फा किंवा इजस्पेसला निगेटिव्ह कॅर दिला की असर्शनचा डबा समोर येतो आणि प्रोग्रॅम थांबतो. जीसीसीवर काही बोलत नाही, काहीतरी उत्तर देतो आणि पुढे जातो. एकदा डीबगमध्ये तुमच्या खऱ्या फायली चालवून बघा. क्लँगने पण एकदा बांधून बघा, तो काही गोष्टी न विचारता सांगतो.

---

पॅकेज_बांधणारी

खिडकीवाले यांनी लिहिलंय ते सोन्यासारखं आहे. एक भर. कोडमध्ये कंपायलरचा नंबर बघून वाट बदलत असाल तर जपून. क्लँग पण जीएनयूसीचा मॅक्रो देतो आणि स्वतःला ४.२.१ सांगतो, त्यामुळे "जीसीसी ८ पेक्षा कमी असेल तर एरर" अशी ओळ लिहिली तर सगळे क्लँग बाहेर. एमएसव्हीसी तर वेगळा फ्लॅग दिल्याशिवाय सीप्लसप्लस मॅक्रोची किंमत १९९७ सालचीच दाखवतो. नंबर विचारू नका, "हे फीचर आहे का" विचारा, त्यासाठी हॅज इन्क्लूड आहे आणि फीचर मॅक्रो आहेत.

आणि मॅकवाल्याचा यूइंट८_टी, त्याची चूक नाही. दुसऱ्या कुठल्यातरी हेडरमधून ते नाव फुकट मिळत होतं, जीसीसी १३ ने आतले इन्क्लूड कमी केले तेव्हा ढीगभर प्रोजेक्ट याच एका गोष्टीवर पडले. सीएसटीडीइंट स्वतः इन्क्लूड करा, झालं. म्हणूनच यादीला वरची बाजू पण लागते. जुना कंपायलर एकदा चालला की कायम चालतो, तो बदलत नाही. नवा दर वर्षी बदलतो. तुमच्या चारपैकी दोन तक्रारी नव्याच्या आहेत बघा, जुन्याच्या नाहीत.

---

घाटावरचा_कोडर

आठवड्याने लिहितोय, पण रिकाम्या हाताने नाही.

खिडकीवाले, तुम्ही कोड न बघता सांगितलंत आणि तसंच निघालं. एका मित्राच्या लॅपटॉपवर व्हिज्युअल स्टुडिओ टाकलं, डीबग बिल्ड, साप्ताहिकाचा २००३ चा एक अंक दिला आणि तिसऱ्याच सेकंदाला असर्शन. विरामचिन्ह तपासायला इजपंक्ट वापरलं होतं तिथे. ते नीट केलं. मग क्लँगने बांधलं, त्याने एक वॉर्निंग दिली, कुठलाही जादा फ्लॅग न देता, की अमुक ओळीतली तुलना कायम खोटी आहे. ती ओळ रफाराची. बाइट २२४ किंवा त्याहून मोठा असेल तर हा रफाराचा जोड आहे असं धरायचं, असा नियम एका फाँटसाठी लिहिला होता, आणि साइन्ड कॅर कधीच २२४ होत नाही. जीसीसीला मी फक्त वॉल हा वॉर्निंगचा फ्लॅग देत होतो, ही वॉर्निंग एक्स्ट्रामध्ये आहे, म्हणून नऊ वर्षं दिसली नाही.

याचा अर्थ काय ते सांगतो. साप्ताहिकाचे अंक बदलले त्यात काही ठिकाणी रफार चुकीच्या अक्षरावर पडत होता. "सर्व" चं कुठे नीट, कुठे भलतंच. मी समजत होतो की त्या वर्षांत फाँटची आवृत्ती वेगळी होती म्हणून, आणि हाताने दुरुस्त करत बसलो होतो, माझी आई पण बसायची, तिने शेकडो पानं वाचून काढलीत. आणि एकाने मागे कळवलं होतं की माझ्या रास्पबेरी पायवर तर सगळं बरोबर येतं, तेव्हा मी त्याला लिहिलं की तुमची फाइल वेगळी असेल. त्याची फाइल तीच होती. त्याला काल मेल करून सॉरी म्हटलं.

आता सगळे अंक परत बदलायला लावलेत.

तर ठरवलंय ते असं. जीसीसी ८.५ खालची रेघ, अल्मालिनक्स ८ च्या कंटेनरमध्ये सीआयला लावलाय. आधी गिटहबच्या उबुंटू २०.०४ च्या रनरवर (सीआयच्या मशीनवर) जुना जीसीसी ठेवावा म्हटलं होतं पण तो रनर २०२५ मध्ये बंद झालाय, कंटेनरच बरा. वर जो काही ताजा जीसीसी असेल तो, हे लिहिताना १५. मधले नंबर तपासत नाही, खालचा आणि वरचा चालला तर मधले चालतील एवढी जोखीम घेतो. क्लँग १४, कारण उबुंटू २२.०४ वर तोच येतो. एमएसव्हीसी २०२२, डीबग आणि रिलीज दोन्ही. टेस्ट म्हणून अंकांमधली चाळीस पानं घेतलीत, आईने वाचून बरोबर केलेली, सगळ्या कंपायलरवर बाइट न बाइट तेच यायला पाहिजे.

बाहेरचा हेडर सी चा केला, पाच फंक्शन झाली. काकांना हवा होता तसा गाभा पूर्ण सी९९ करणं आत्ता जमणार नाही पण नवीन सी++ त्यात घालणार नाही. बूलचा टाइपडेफ काढून एसटीडीबूल लावला, फेडोरावाल्याचं झालं.

लॅबला ४.८ वर नाही म्हणून कळवलं, पण सर्व्हररूम ताईंनी सांगितला तसा मेनीलिनक्सच्या कंटेनरमध्ये बिल्ड करून बायनरी पाठवली. तिथे सीआय लावताना एक दिवस गेला, गिटहबची नेहमीची चेकआउटची पायरी सेंटओएस ७ वर चालतच नाही, तिच्यातल्या नोडला (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) नवा जीलिबसी लागतो. शेवटी बाहेर चेकआउट करून फोल्डर डॉकरला दिला. त्या विद्यार्थिनीचा काल मेल आला, तिच्याकडे चालली. छापखान्याचं मशीन ३२ बिटच निघालं, विचारलं ते बरं झालं.

एक राहिलं, मॅक. गिटहबवर मॅकचा रनर मिळतो, बिल्ड करून बघता येईल, पण काही पडलं तर माझ्याकडे मॅक नाही, मी दुरुस्त कशावर करू? म्हणून रीडमीत मॅक लिहिलेलं नाही. त्या पुल रिक्वेस्टवाल्याला वाईट वाटेल असं वाटतंय.

---

सर्व्हररूम

रफाराचं वाचून अंगावर काटा आला. आईंना माझा नमस्कार सांगा.

जीसीसी ८ कधी सोडणार ते पण रीडमीत आत्ताच लिहून ठेवा, नंबराने नाही, कारणाने. "रेड हॅट ८ चा सपोर्ट आहे तोवर" असं. म्हणजे त्या दिवशी कोणाशी वाद घालावा लागत नाही, आणि आमच्यासारख्यांना वरिष्ठांना दाखवायला एक कागद मिळतो की बघा, अमुक तारखेनंतर हे पण चालणार नाही, सर्व्हर बदला. पायथनवाले प्लॅटफॉर्मसाठी टियर लिहितात, पहिल्या दोन टियरमध्ये बिल्ड पडला तर रिलीज थांबतो, तिसऱ्यात थांबत नाही, आणि कोण बघणार ते पण ठरलेलं असतं. मॅकसाठी तसं काही करता येईल.

---

नगरकर_०७

तो पुल रिक्वेस्ट माझाच. वाईट वगैरे काही वाटलं नाही, सीएसटीडीइंट घालून परत पाठवलाय.

मॅकचं मी बघतो. एम१ चिपचा मॅक आहे माझ्याकडे, अजून तीनचार वर्षं तरी तोच राहील. रीडमीत दुसऱ्या टियरमध्ये लिहा, सीआयमध्ये मॅकचा बिल्ड लावा पण लाल झाला तरी तुमचं रिलीज अडवू नका, मला मेल येईल असं करा. मी दोन आठवडे गप्प राहिलो तर मॅक काढून टाका, विचारायची गरज नाही.

आणि ती चाळीस पानं रिपोमध्ये आहेत ना? आज संध्याकाळी चालवून बघतो. एक्सकोडमधला क्लँग आणि साधा क्लँग यांचे नंबर जुळत नाहीत, त्यामुळे यादीत "एक्सकोड १६" असंच लिहूया, क्लँगचा नंबर नको.

---

घाटावरचा_कोडर

हो, टेस्ट फोल्डरमध्ये आहेत. वर्षाच्या नावाने फायली आहेत, २००३ ची आधी चालवा, रफार सगळ्यात जास्त त्यात आहेत.

टियर लिहितोय आत्ताच. तुमचं नाव मॅकसमोर टाकू का नुसता आयडी?

---

नगरकर_०७

आयडी चालेल. २००३ झाली, बत्तीस ठिकाणी रफार, सगळे जुळले. बाकीच्या लावल्यात.